दोन खिळ्यांतलं अंतर

इलाही : आवं ताई, सही तर करायची. एक रेघ वडायची. पेन मी आनलाय.

भार्गवी : चाचा, आधी पाणी प्या. कवठे महांकाळपासून साताऱ्यापर्यंत एस.टी.त बसून आलात.

इलाही : तीन गाड्या बदलल्या. पाणी पितो की. पाण्यासाठीच आलोय म्हना.

भार्गवी : मी वाचला अहवाल. दोनदा वाचला. बाबांचा आहे म्हणून नाही म्हणत, चांगला आहे. चौदा विहिरींची पाण्याची पातळी, अकरा मे महिने, आणि एकही रकाना रिकामा नाही.

इलाही : एक हाय रिकामा. करोनाच्या साली तीन नंबरची विहीर ऱ्हायली. पोलिसांनी नाक्यावरनं माघारी धाडलं.

भार्गवी : हो, तिथं तसंच लिहिलंय. 'मोजले नाही. परत पाठवले.'

इलाही : मी म्हनलं हुतं, अंदाजानं टाका की सायेब, आदल्या साली किती हुतं त्यात हातभर कमी करून. आठ दिस बोललं न्हाईत माज्याशी. नवव्या दिवशी दुकानात येऊन म्हनलं, इलाही, च्या पाज.

भार्गवी : घरीही तसेच होते.

इलाही : आसनार की. मानूस घरात एक आनि भाईर एक, आसं न्हवतंच त्ये. बरं, हितं, ह्या रेघंवर.

भार्गवी : चाचा, त्या रेघेच्या वर काय छापलंय ते वाचू का तुम्हाला?

इलाही : वाचा.

भार्गवी : 'वरील नोंदी माझ्या प्रत्यक्ष देखरेखीखाली घेण्यात आल्या असून त्याच हंगामात मी त्या जागेवर जाऊन पडताळल्या आहेत.' त्याखाली नाव, आमच्या तज्ज्ञांच्या संस्थेतली श्रेणी, सभासद क्रमांक. मी देखरेख केलेली नाही. पडताळलेलं नाही. आज ऑक्टोबरची चौदा तारीख आहे. मे महिन्यातलं पाणी मी आता कुठून बघू?

इलाही : तुमी आल्तासा की एकदा. पयल्याच साली. कालेजाची सुट्टी हुती तुमाला, मोटं शिक्षान चाललं हुतं तवा. नऊ नंबरच्या हिरीवर.

भार्गवी : बाभळीखाली बसून पुस्तक वाचत होते मी.

इलाही : मग? आमी उन्हात काम करत हुतो आनि तुमी सावलीत बसला हुता. देखरेख म्हंत्यात ती ह्येलाच.

भार्गवी : चाचा...

इलाही : हसला तुमी. सायेब गेल्यापास्नं पयल्यांदा हसल्याल्या बघतोय. श्रावणात मातीला आल्तो तवा तर तुमी रडत बी न्हवता.

भार्गवी : तेव्हा मी सभासदसुद्धा नव्हते हो. आणि एका विहिरीवर एक दिवस बसणं म्हणजे चौदा विहिरी अकरा वर्षं नाही.

इलाही : मग खडीची खाण वाडवाय निघाल्यात त्यांच्या तज्ज्ञानं किती मोजल्या? मी हुतो तितं. जून म्हैन्यात आलं, चार दिस पाऊस पडून गेल्याला, गाडीतनं उतरलं, दोन हिरी बगितल्या, फोटू काडला, गेलं. आनि लिवलं काय, तर खाणीच्या उपशानं हिरीवर परिणाम न्हाई. तेंचा कागुद चालतो.

भार्गवी : त्यांच्या तज्ज्ञानं मोजलं आणि त्यांच्याच तज्ज्ञानं सही केली. तो पूर्ण सदस्य आहे. खोटं काही लिहिलं नाही त्यानं. त्या दिवशी पाणी होतं, तेवढंच लिहिलंय.

इलाही : आनि सायबांचं खरं, त्ये चालत न्हाई.

भार्गवी : बाबा सहयोगी होते. सहयोगी सदस्याला मोजता येतं, लिहिता येतं. सही करता येत नाही.

इलाही : ह्ये मला एकदा नीट सांगा. उद्या सुनावनीत कुनी इचारलं तर मला बोलाया पायजे. किती पायऱ्या हायेत तुमच्या?

भार्गवी : चार. शिकणारा, तो विद्यार्थी सदस्य. मग सहयोगी. मग पूर्ण सदस्य. सगळ्यात वर मानद.

इलाही : म्हंजे शिपाई, नाईक, हवालदार आनि सुबेदार. आमचा अमीर मिल्ट्रीत हुता, मला कळतंय त्यातलं. तुमी हवालदार.

भार्गवी : हो, हवालदार समजा.

इलाही : आनि सायेब नाईक. तीस वर्सं. बापावर पोरगी.

भार्गवी : त्यांच्याकडे सांगलीचा ओव्हरसियरचा डिप्लोमा होता. पदवी नव्हती. पदवी नसली तरी अनुभवावर पूर्ण सदस्य होता येतं, त्याला वेगळा अर्ज असतो. किती वेळा म्हटलं मी त्यांना, बाबा, अर्ज करा, मी भरून देते. नको म्हणायचे. मला कुठं पाट्या लावायच्यात, म्हणायचे.

इलाही : केल्ता की.

भार्गवी : काय?

इलाही : अर्ज. केल्ता सायबांनी. दोन वर्सं झाली. तुमाला ठाव न्हाई?

भार्गवी : नाही.

इलाही : तुमाला नंतर सांगनार हुते. पास झालो की पेढं घीऊन सातारला जानार, म्हनत हुते. आमच्या साईराजनं टाईप केला, माज्या पुतन्याच्या दोस्तानं, कॉम्पुटरवर. विंग्रजीत. सायेब बोलायचं आनि त्यो टाईप करायचा. पानी मोजाय हिरीत सोडतो त्या दोराला दोर म्हनायचं न्हाई, म्हनला, हसतील. मग काय तरी झ्याक नाव घातलं.

भार्गवी : काय नाव?

इलाही : मला कुटलं ठाव. टेप म्हनून काय तरी.

भार्गवी : 'मॅन्युअल मेझरिंग टेप.' हस्तचलित मापन फीत.

इलाही : आसंल. तुमाला कसं ठाव?

भार्गवी : मग? पुढं काय झालं?

इलाही : पत्र आलं. पास न्हाई. माज्याकडंच हाय, दुकानात ठेवल्यालं, घरी नगं म्हनलं. आज ह्या पिशवीत टाकलंय, म्हनलं कुटं लागलं तर. हे बगा. जपून, आइलाचा डाग पडलाय माज्या हाताचा.

भार्गवी : तालुका क्ष. जिल्हा य. उमेदवार क्रमांक सतरा.

इलाही : नावं झाकत्यात म्हनं. वशिला लागू नये म्हनून. म्होरं वाचा की मोट्यानं. मराटीतलं पान खाली हाय.

भार्गवी : 'उमेदवाराने दीर्घकाळ परिश्रमपूर्वक काम केले आहे याविषयी शंका नाही. तथापि परिश्रम आणि निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.'

इलाही : थांबला का? म्होरं हाय अजून.

भार्गवी : पुढचं मला पाठ आहे. 'मापन साधनाची अचूकता तपासल्याचा कोणताही उल्लेख अर्जात आढळत नाही. सबब सहयोगी श्रेणी कायम ठेवावी.'

इलाही : बगितलं न्हाई कागदाकडं. आदी वाचलंय तुमी?

भार्गवी : लिहिलंय.

इलाही : काय?

भार्गवी : मी लिहिलंय, चाचा. परीक्षक म्हणून माझं पहिलंच वर्ष होतं. पाच अर्ज आले होते माझ्याकडे, पाचही झाकलेले. हा चौथा. रविवारी दुपारी वाचला. इथंच, याच टेबलावर. बाबा आत झोपले होते. त्या आठवड्यात आले होते ते माझ्याकडे राहायला.

इलाही : या खुदा.

भार्गवी : चहा ठेव गं, म्हणत उठून आले. मी म्हटलं, थांबा, एवढा एक निकाली काढते. कसा आहे, म्हणाले. मी म्हटलं, मेहनती माणूस दिसतो, पण कच्चा आहे.

इलाही : ताई, बसा. उब्या नगा ऱ्हाऊ.

भार्गवी : त्यांना कळलं असेल का हो? की तो त्यांचाच...

इलाही : त्या दिशी न्हाई कळलं. पत्र आलं तवा कळलं.

भार्गवी : कसं? पत्रावर परीक्षकाचं नाव नसतं.

इलाही : ती वळ हाय न्हवं, परिश्रम आनि निर्नय. दुकानात बसून मला वाचून दावत हुतं, तितं आलं आनि थांबलं. म्हनलं, इलाही, ही वळ माज्या घरातली हाय.

भार्गवी : त्यांचीच आहे. दहावीत मी भूमितीची वही चार रंगांच्या पेनांनी सजवली होती. आकृत्या सगळ्या सुंदर, सिद्धता चुकलेल्या. तेव्हा म्हणाले होते. परिश्रम वेगळे, निर्णय वेगळा. मी ते... मी ते आपलंच समजून वापरत आले इतकी वर्षं.

इलाही : मग हसाय लागलं. लय येळ हसलं. मी म्हनलं, सायेब, नापास केल्यालं पत्र हाय आनि हसताय काय? तर म्हनलं, मार्कं बरूबर दिल्यात पोरीनं. अर्जात दोराची तपासनी लिवायचीच ऱ्हायली माजी.

भार्गवी : म्हणजे तपासणी होत होती?

इलाही : म्हंजे काय! आवं, माज्या दुकानामागं गोदामाची लांब भीत हाय. तिच्यात दोन खिळं ठोकल्यात. सायबांनी सोता, पोलादी टेप लावून, धा मीटरवर. दर साली मे म्हैना लागला की दोर आदी रातभर भिजवायचा, मग वाळवायचा, मग त्या दोन खिळ्यांत धरायचा. आखडला आसंल तर किती आखडला त्ये लिवायचं आनि तेवडं हिशेबात धरायचं. सुती दोर पान्यात आखडतोय. अकरा वर्सात एकदा बी चुकलं न्हाई.

भार्गवी : मग ते अर्जात का नाही लिहिलं?

इलाही : लिवायचं काय त्यात? सकाळी दात घासतो आसं कोन लिवतंय का अर्जात?

भार्गवी : एक ओळ हवी होती. फक्त एक ओळ. मी पास केलं असतं. आज ती सही त्यांचीच असती.

इलाही : मला ठाव न्हवतं ताई, न्हाईतर मी आनलंच नसतं ह्ये पत्र. माजी चूक झाली.

भार्गवी : तुमची नाही. थांबा, मी फोन लावते. संस्थेचं सभासदत्वाचं काम सांगलीला सुहासिनीताई बघतात. फोन स्पीकरवर ठेवते, तुम्हीही ऐका... हॅलो, सुहासिनीताई? भार्गवी बोलतेय, साताऱ्याहून.

सुहासिनी : अगं, बोल. मी भेटायला येणारच होते तुला. कशी आहेस?

भार्गवी : बरी आहे. ताई, एक विचारायचंय. दोन वर्षांपूर्वीचा, उमेदवार क्रमांक सतरा.

सुहासिनी : हं.

भार्गवी : तुम्हाला माहीत होतं?

सुहासिनी : अर्ज वाटले तेव्हा नव्हतं माहीत. देवाशपथ नव्हतं. आमच्या यादीत तुझं नाव सासरचं आहे, भार्गवी लिमये. उमेदवार देवदत्त भाटे. मी कसं जोडणार? नात्यातला परीक्षक चालत नाही हे मला ठाऊक आहे, पण कळायला तर हवं.

भार्गवी : मग कधी कळलं?

सुहासिनी : ते आले तेव्हा. निकालानंतर महिन्याभरानं तुझे बाबा ऑफिसात आले होते. अपिलाचा फॉर्म घेतला. समोरच्या खुर्चीत बसून सगळा भरला, दोन खिळ्यांचं काहीतरी लिहिलं होतं त्यात. मग विचारलं, अपिलात काय काय होतं? मी सांगितलं, परीक्षकाचं नाव उघड होतं, त्याला समितीपुढं बोलावतात. अपील मान्य झालं तर परीक्षकाच्या नोंदीत तसा शेरा जातो. तर म्हणाले, नवा परीक्षक असला तर? मी म्हटलं, नव्याला जरा जडच जातं, पुढं काम मिळत नाही दोन-तीन वर्षं.

भार्गवी : मग?

सुहासिनी : मग चहा घेतला. फॉर्मची चार घड्या करून खिशात ठेवला आणि म्हणाले, असू दे, माझी अशी काही घाई नाही. ते गेल्यावर मी रजिस्टर काढून बघितलं. परीक्षकाचा पत्ता सातारा, आणि मुलगी साताऱ्याला असते हे ते चहा घेताना बोलले होते. तेव्हा लक्षात आलं.

भार्गवी : तुम्ही मला सांगितलं नाही.

सुहासिनी : त्यांनी जिन्यातून परत येऊन सांगितलं होतं, परीक्षकाला यातलं काही बोलू नका म्हणून. मी गप्प बसले. ते बरोबर केलं की चूक, माहीत नाही मला.

भार्गवी : ताई, मी आता लेखी दिलं तर? परीक्षकाकडून चूक झाली, नातं होतं, निकाल रद्द करा, असं? उद्या त्यांच्या अहवालावर सुनावणी आहे, कवठे महांकाळला. खडीच्या खाणीची हद्द वाढवतायत.

सुहासिनी : निकाल रद्द झाला तर अर्ज पुन्हा तपासायला जाईल. मग मुलाखत. मुलाखतीला उमेदवार लागतो, भार्गवी.

भार्गवी : मरणोत्तर काहीच नाही?

सुहासिनी : मानद आहे. पण त्याला आधी पूर्ण सदस्य असावं लागतं. ज्या दिवशी माणूस जातो त्या दिवशीची श्रेणी कायम. मी नियम केले नाहीत गं.

भार्गवी : मग चूक झाली एवढं तरी...

सुहासिनी : चूक कसली? बोलता बोलता कागद काढलाय मी समोर. तपासणीचा उल्लेख नव्हता, तू नव्हता म्हटलंस. दुसऱ्या कुणी हेच लिहिलं असतं. नात्याचं सोडलं तर तुझ्या निकालात चूक नाही. हेच तर... ऐकतेयस ना?

भार्गवी : ऐकतेय.

सुहासिनी : आणि एक सांगते, रागावू नकोस. उद्यासाठी तू सही करू नकोस त्या अहवालावर. खोटी देखरेख दाखवलीस तर समोरचे पहिला प्रश्न तोच विचारतील. तुझंही जाईल आणि त्यांचा कागदही जाईल.

भार्गवी : नाही करणार. ठेवते.

इलाही : बाई चांगली हाय.

भार्गवी : हो. चांगली आहे.

इलाही : सगळीच चांगली हायेत. मग ह्ये आसं का हुतंय?

भार्गवी : माहीत नाही, चाचा.

इलाही : सही न झाल्याला कागुद दिला तर काय हुतंय? मागल्या खेपंला अधिकारी म्हनलं हुतं, तज्ज्ञाची सही आसंल तर अव्हाल, नसंल तर नुसती हरकत. फरक काय पडतो?

भार्गवी : अहवाल असला तर खाणवाल्यांना एकेका आकड्याला उत्तर द्यावं लागतं. चौदा विहिरी, अकरा वर्षं, सगळ्याला. हरकत असली तर एक ओळ लिहितात. 'नोंद घेतली.'

इलाही : एक वळ.

भार्गवी : पण बोलता येतं. कुणालाही बोलता येतं. मी येते तुमच्याबरोबर. आत्ताच निघू. रात्री शमशादचाचींना चालेल ना मी?

इलाही : इचारताय काय! खूस हुईल ती. पन येऊन करनार काय?

भार्गवी : माहीत नाही. जे आहे ते सांगेन. दोर कुठंय?

इलाही : ह्या पिशवीत. दुकानात ठेवून आलो न्हाई, उंदरं कुरतडत्यात.

भार्गवी : सुनावणी अकराला आहे. सकाळी लवकर नऊ नंबरच्या विहिरीवर जाऊ.

इलाही : ऑक्टोबरात मोजून काय उपेग? आत्ता पानी वर आसतंय. ह्या आकड्याला कोन इचारनार?

भार्गवी : कुणी नाही.

इलाही : मग?

भार्गवी : अकरा वर्षांत एकदा तरी मी ते पुस्तक मिटायला हवं होतं. हा कागद बघा, प्रत्येक पानाच्या खाली दोन ओळी आहेत बाबांच्या. 'मोजणार : दे. भाटे. दोर धरायला : इलाही शिकलगार.' प्रत्येक पानावर.

इलाही : मग, आमची बी श्रेनी हाय की. दोर धरायला. प्रमोशन न्हाई, रिटायरमेंट बी न्हाई.

(दुसरा दिवस, दुपारी चारनंतर. कवठे महांकाळचा एस.टी. स्टँड.)

इलाही : मिरजेची गाडी साडेचारला हाय म्हनला कंट्रोलर. ह्यो घ्या च्या. साखर कमी सांगितलीय.

भार्गवी : तुम्ही घेतला?

इलाही : घेतो. शेवटी काय वाचून दावलं त्ये सांगा आदी. मी नमाजला गेलो आनि तेवड्यात उरकलं म्हनं.

भार्गवी : सांगते. बसा.

इलाही : तुमी बोलला तितपत मी हुतो. चांगलं बोलत हुता. अधिकाऱ्यानं इचारलं, तुमची पात्रता? तुमी लंबर सांगितला, पूर्ण सदस्य. सगळी तुमच्याकडं बगाय लागली. मला वाटलं, आता जमलं.

भार्गवी : मग त्या खाणवाल्यांच्या तज्ज्ञानं विचारलं, मॅडम, या नोंदी तुम्ही पडताळल्यात? मी म्हटलं, नाही.

इलाही : तितं जरा घोळवायला पायजे हुतं.

भार्गवी : आणि घेणाऱ्याची श्रेणी? सहयोगी, म्हटलं. तीस वर्षं काम करून सहयोगीच कसे, म्हणाला. साधा प्रश्न होता त्याचा, खवचट नव्हता.

इलाही : तवाच तुमी त्ये बोलला.

भार्गवी : मला वाटलं, सगळं खरं सांगितलं तर कुणीतरी ऐकेल. म्हटलं, त्यांचा अर्ज नाकारला गेला, आणि नाकारणारी परीक्षक मी होते. दोराची तपासणी होत होती, भिंतीत खिळे आहेत, आत्ता चला, दाखवते.

इलाही : मी हात वर केल्ता, माज्या दुकानामागं हायेत म्हनून. कोन तरी हसलं मागं.

भार्गवी : तज्ज्ञ हसला नाही. अधिकाऱ्यांकडं वळून एवढंच म्हणाला, म्हणजे मॅडमनी स्वतःच हे काम ग्राह्य धरलं नव्हतं.

इलाही : आनि तुमी खाली बसला.

भार्गवी : काय करणार? खरं होतं.

इलाही : वाचून काय दावलं?

भार्गवी : मी उतरवून घेतलंय. 'दिवंगत सहयोगी सदस्य यांच्या कन्येने भावना व्यक्त केल्या.'

इलाही : भावना.

भार्गवी : हो.

इलाही : चौदा हिरींचं आकडं?

भार्गवी : 'एका कागदाची प्रत हरकत म्हणून दाखल.'

इलाही : आनि मी बोललो त्ये? मी तीन मिनटं बोललो. घंटी वाजवली तरी बोललो.

भार्गवी : 'एका ग्रामस्थाने विहिरींच्या पातळीबाबत सांगितले. नोंद घेतली.'

इलाही : नाव न्हाई?

भार्गवी : नाव नाही.

इलाही : आसू द्या. नाव आसून तरी काय, मतदार यादीत बी चुकीचंच हाय. च्या थंड हुतोय तुमचा.

भार्गवी : चाचा, मी आले नसते तर बरं झालं असतं. नुसता कागद दिला असता तुम्ही, तर निदान माझं ते वाक्य त्यांच्या हातात गेलं नसतं.

इलाही : आता मी काय म्हनू? न्हाई म्हनलं तर खोटं हुईल. सायेब आठ दिस बोलायचं न्हाईत.

भार्गवी : खरं आहे.

इलाही : पन सकाळी तुमी हिरीत वाकून बगितलं न्हवं, दोर सोडताना. सायेब बी तसंच वाकायचं. मी म्हनायचो, मागं व्हा, चष्मा पडंल. तुमाला बी म्हनलो.

भार्गवी : ऐकलं मी.

इलाही : ही घ्या वही. सायबांची. सकाळचा आकडा लिवायचा ऱ्हायलाय. किती भरलं हुतं?

भार्गवी : काठापासून अकरा मीटर चाळीस. पण दोर ओला होता.

इलाही : म्हंजे कच्चा आकडा. वाळला की खिळ्यास्नी लावतो, मग पक्का लिवतो. परवाच्या दिशी फोन करून सांगतो. पन हिच्यात ऑक्टोबरचा रकानाच न्हाई.

भार्गवी : समासात लिहा.

इलाही : लिवतो. आनि खाली? 'मोजनार' म्हनून तुमचं नाव टाकतो. म्होरं त्ये पूर्ण सदस्य बी लिवू का? लंबरासकट?

भार्गवी : नको. मोजणार म्हणून तुमचं नाव लिहा.

इलाही : माजं? आनि तुमचं कुटं?

भार्गवी : दोर धरायला.